चाचणीमागचे कारण : कलाभवनापासून हालोलपर्यंत

मोटारीचे इंजिन चालू ठेवायचे, बॅटरीच्या टर्मिनलचा बोल्ट सैल करून वायर उचलायची आणि इंजिन बंद पडले नाही तर ‘डायनामो चार्जिंग देतोय’ असा निर्वाळा द्यायचा. ही चाचणी एके काळी ऑटो इलेक्ट्रिकच्या दुकानांत सर्रास होत असे. तिला मीटर लागत नाही, उत्तर अर्ध्या मिनिटात मिळते आणि ते गिऱ्हाइकालाही डोळ्यांनी दिसते. डायनामोच्या जमान्यात या चाचणीने फारसे नुकसान केले नाही. पुढे डायनामो गेला, अल्टरनेटर आला. हात मात्र सवयीने टर्मिनलकडेच वळत राहिले. चालू अल्टरनेटरपासून बॅटरी अचानक तोडली की त्याच्या गुंडाळ्यांतली ऊर्जा जायला जागा उरत नाही, क्षणभर व्होल्टेज कितीतरी पटींनी उसळते आणि डायोड, रेग्युलेटर, पुढच्या काळात तर इंजिनाचा संगणकही निकामी होऊ शकतो. कृती तीच, पण एका यंत्राला ती सोसली आणि दुसऱ्याला घातक ठरली. माझे म्हणणे या उदाहरणावर उभे आहे. चाचणीची रीत कारणासकट शिकवली तर यंत्र बदलले तरी ती कामी येते. नुसती कृती म्हणून हातातून हातात गेली तर यंत्र बदलताच ती उलटते. हे बडोद्याच्या संदर्भात मांडावेसे वाटते, कारण कारागिरी आणि तिच्यामागचे शास्त्र लोकांच्या भाषेत एकत्र शिकवण्याचा मोठा प्रयत्न याच शहरात 1890 मध्ये झाला होता. त्या प्रयत्नाचे काय झाले आणि मोटारीच्या चार्जिंगच्या इतिहासाशी त्याचे नाते काय, हे पाहिले तर आजच्या एका उणिवेचे मूळ सापडते.

सुरुवातीच्या मोटारींना चार्जिंगची गरजच नव्हती. इंजिन पुढून हँडल मारून सुरू होई, ठिणगी मॅग्नेटो देई आणि दिवे ॲसिटिलीनवर जळत. 1912 च्या कॅडिलॅक गाडीत चार्ल्स केटरिंग यांनी विजेवर चालणारा स्टार्टर बसवला आणि चित्र पालटले. बॅटरी ही मोटारीची कायमची गरज झाली आणि तिच्यातून गेलेली वीज परत भरणारे यंत्रही गरजेचे झाले. चार्जिंग व्यवस्था म्हणजे या देण्याघेण्याचा जमाखर्च सांभाळणारी यंत्रणा. तो जमाखर्च मांडून पाहिला की एक गैरसमज लगेच दूर होतो. सेल्फ मारताना 200 अँपिअरच्या आसपास प्रवाह लागतो, हा आकडा मोठा वाटतो. पण तीन सेकंदांत गाडी सुरू झाली तर बॅटरीतून गेलेली वीज जेमतेम एक षष्ठांश अँपिअर-तास भरते. चार्जिंग 10 अँपिअरने होत असेल तर ती मिनिटाभरात, थोडी गळती धरून फार तर दीड मिनिटात भरून येते. खरा खर्च दिव्यांचा, पंख्याचा आणि आता वातानुकूलनाच्या ब्लोअरचा असतो, कारण तो सतत चालतो. दोन हेडलाइटच मिळून सुमारे 10 अँपिअर घेतात. म्हणून ‘गाडी सुरू होते, म्हणजे चार्जिंग ठीक आहे’ हा तर्क पोकळ आहे. रात्रीच्या कोंडीत, इंजिन मंद चालत असताना सगळा भार सोसून बॅटरीकडे काही उरते का, हे पाहिल्याखेरीज चार्जिंग ठीक आहे असे म्हणता येत नाही.

पहिली चारपाच दशके हे काम डायनामोने केले. डायनामोत मधला आर्मेचर फिरतो, त्यात वीज तयार होते आणि कॉम्युटेटरवर घासणाऱ्या कार्बनमधून ती बाहेर येते. ॲम्बॅसॅडर ज्या मॉरिस ऑक्सफर्डवर बेतलेली होती, तिच्यासारख्या ब्रिटिश गाड्यांत लुकास कंपनीचा डायनामो असे आणि त्या काळच्या एका नेहमीच्या नमुन्याची मर्यादा 22 अँपिअर होती. इंजिन मंद चालू असताना डायनामो जवळजवळ काहीच देत नाही. म्हणून त्याच्या सोबतीला कटआऊट आले. डायनामोचे व्होल्टेज 13 च्या आसपास पोचले की कटआऊटचे पॉइंट जुळतात, खाली आले की सुटतात; नाहीतर बॅटरी उलट डायनामोतच रिकामी झाली असती. शेजारी रेग्युलेटर असे आणि तो डायनामोच्या चुंबकी क्षेत्राचा प्रवाह कमीजास्त करून व्होल्टेज आवरे. या यंत्राची अधिकृत चाचणी मोठी सुंदर होती. डायनामोवरच्या डी आणि एफ या दोन्ही वायरी काढायच्या, ती दोन टर्मिनले तारेने एकमेकांना जोडायची, जोड आणि बॉडी यांच्यामध्ये व्होल्टमीटर लावायचा आणि इंजिनाची गती हळूहळू हजार फेऱ्यांपर्यंत न्यायची. काटा अडखळत न जाता झपाट्याने चढला पाहिजे, मात्र तो 20 व्होल्टच्या पुढे जाऊ द्यायचा नाही. काटा हललाच नाही तर कार्बन पाहायचे. एक व्होल्टच्या आतबाहेर रेंगाळला तर फील्डची गुंडाळी संशयित. चारपाच व्होल्टवर अडकला तर आर्मेचर. एका मीटरने तीन वेगळे दोष वेगळे काढले, तेही डायनामो गाडीतून न उतरवता. यात जादू काहीच नाही. फील्ड सुटले तरी लोखंडात उरलेल्या चुंबकत्वावर व्होल्टभर वीज तयार होते, हे ज्याला माहीत आहे त्याला एक व्होल्टचा अर्थ आपोआप कळतो. ज्याला हे माहीत नाही, त्याला हे तीन आकडे पाठ करावे लागतात आणि पाठ केलेले आकडे पुढच्या यंत्राला लागू पडत नाहीत.

आता बडोद्याकडे वळू. नाशिक जिल्ह्यातल्या कवळाणे गावी जन्मलेले सयाजीराव गायकवाड 1875 मध्ये दत्तक येऊन गादीवर बसले, 1881 मध्ये त्यांच्या हाती पूर्ण अधिकार आले आणि 1939 पर्यंत त्यांनी राज्य केले. त्यांच्या कारभारातल्या दोन गोष्टी इथे महत्त्वाच्या आहेत. पहिली, सक्तीचे मोफत प्राथमिक शिक्षण. 1893 मध्ये अमरेली भागात सुरू झालेला हा प्रयोग 1906 मध्ये सबंध संस्थानात लागू झाला आणि 1910 पासून उभ्या राहिलेल्या ग्रंथालय चळवळीने गावोगाव पुस्तकाच्या पेट्या फिरवून वाचायला शिकलेल्यांच्या हाती पुस्तक दिले. दुसरी गोष्ट, 1890 मध्ये स्थापन झालेले कलाभवन. त्याचे पहिले प्रमुख त्रिभुवनदास कल्याणदास गज्जर सुरतचे. सुतारकी आणि लाकडाचा व्यापार असलेल्या घराण्यातले आणि रसायनशास्त्राचे अध्यापक. हातातले कसब आणि प्रयोगशाळेतले शास्त्र ही दोन्ही त्यांना जवळून ठाऊक होती. यंत्रविद्या, रंगाई, विणकाम, चित्रकला अशा शाखांतून कारागिरांच्या मुलांना शास्त्र शिकवायचे आणि ते त्यांच्या स्वतःच्या भाषेत शिकवायचे, ही कलाभवनाची मूळ कल्पना. त्यासाठी आधी पुस्तके हवीत हे ओळखून ‘सयाजी ज्ञानमंजूषा’ ही तांत्रिक विषयांची मालिका निघाली आणि परिभाषा घडवण्याचे काम हाती घेतले गेले. दादासाहेब फाळके याच कलाभवनात शिकले, हे मराठी वाचकाला ठाऊक असते. पण कलाभवन फक्त कलावंतांची जन्मभूमी नव्हते. रंगाऱ्याने नुसते रंगाचे प्रमाण पाठ करू नये, रंग सुताला का धरतो हेही जाणावे, हा आग्रह त्यामागे होता. चाचणी कारणासकट शिकवणे म्हणजे दुसरे काही नाही.

बडोदे संस्थानाचा मोटारीशी संबंध राजवाड्यातल्या गाड्यांपुरता नव्हता. हिंदुस्थान मोटर्स ही कंपनी 1942 मध्ये स्थापन झाली तेव्हा तिने जुळणीचे काम ओखा बंदरात सुरू केले आणि ओखामंडळ हा बडोदे संस्थानाचाच मुलूख होता. 1948 मध्ये कारखाना बंगालात उत्तरपाड्याला गेला. त्याच सुमारास मुंबईत कुर्ल्याला वालचंद हिराचंद यांच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सने पाय रोवले आणि पुढची तीस-पस्तीस वर्षे ॲम्बॅसॅडर आणि फियाट या दोन गाड्यांनी रस्ता व्यापला. गाड्या थोड्या, सुटे भाग दुर्मीळ आणि महाग, त्यामुळे नवा भाग घालण्यापेक्षा जुना जिवंत ठेवणे हीच दुरुस्तीची व्याख्या होती. त्या गरजेतून ऑटो इलेक्ट्रिकचा मिस्त्री घडला. त्याच्या हाताची थोरवी मान्य केल्याशिवाय हा इतिहास पुरा होत नाही. आर्मेचर टेस्टरच्या खाचेत आडवा ठेवायचा, वर करवतीचे पाते हलके धरायचे आणि आर्मेचर हळूहळू फिरवायचा. एखाद्या ठिकाणी पाते थरथरू लागले की तिथली गुंडाळी शॉर्ट आहे हे समजते. कॉम्युटेटरच्या पट्ट्यांमधला अभ्रक पट्ट्यांच्या वर आला की कार्बन उडू लागतात, म्हणून तोच पात्याचा तुकडा घेऊन प्रत्येक खाच दोरीसारखी सरळ कोरायची. जळलेला आर्मेचर पुन्हा भरायचा, म्हणजे तांब्याची इनॅमल तार मूळच्याच जाडीची, मूळच्याच फेऱ्यांची आणि मूळच्याच क्रमाने गुंडाळायची. हे काम करणाऱ्यांपैकी कितीतरी जण शाळेत फार काळ गेलेले नव्हते आणि तरीही त्यांच्या हातून गेलेला डायनामो वर्षानुवर्षे चाले.

इथेच पहिला आक्षेप उभा राहतो आणि तो वजनदार आहे. मिस्त्रीला शास्त्राची गरज कधी पडली? डोळा, कान, बोट यांनी तो दोष ओळखत होता. कारण शिकवण्याचा आग्रह हा शिकलेल्यांचा अहंकार तर नव्हे? माझे उत्तर असे की मिस्त्रीकडे कारण नव्हते, हे गृहीतच चुकीचे आहे. करवतीचे पाते धरणाऱ्याला आर्मेचरमध्ये काय चालले आहे याची पक्की कल्पना असते, फक्त ती पुस्तकात लिहिलेली नसते. प्रश्न त्याच्या बुद्धीचा नाही, तिच्या वाटपाचा आहे. कारण उस्तादाच्या डोक्यात राहिले आणि शागिर्दाकडे कृतीच गेली. डायनामो वीसतीस वर्षे तोच राहिला तोवर या वाटपाने काही बिघडले नाही, कारण कृती आणि यंत्र यांची जोडी जुळलेली होती. ती जोडी फुटली तेव्हा उस्तादांनी जुळवून घेतले. जे फक्त पाहून हात चालवायला शिकले होते, ते अडकले. म्हणजे हाताचे कसब आणि शास्त्र यांत निवड करण्याचा हा प्रश्नच नाही. जे थोड्या उस्तादांना अनुभवाने सापडले, ते सर्वांना शिकून मिळावे एवढीच ही मागणी आहे.

ही जोडी फोडली ती अल्टरनेटरने. 1960 च्या क्रायस्लर व्हॅलियंट गाडीत तो सर्वसाधारण मोटारीसाठी आला. शक्य झाले सिलिकॉन डायोडमुळे. अल्टरनेटरमध्ये फिरते ते चुंबकी क्षेत्र. वीज तयार होते ती बाहेरच्या स्थिर गुंडाळ्यांत, तीही उलटसुलट प्रवाहाची, आणि सहा डायोड ती एकदिश करतात. कॉम्युटेटर उरत नाही, त्यामुळे गती जास्त ठेवता येते आणि मंद इंजिनावरही चार्जिंग मिळते. भारतात 1961 मध्ये मद्रासला लुकास-टीव्हीएस सुरू झाली, 1983 मध्ये मारुती 800 रस्त्यावर आली आणि बघता बघता डायनामो मागे पडला. आता जुन्या सवयी एकेक करून उलटू लागल्या. टर्मिनल उचलण्याची चाचणी त्यांतली पहिली. दुसरी म्हणजे वायर बॉडीला टेकवून ठिणगी पाहणे. तिने डायोडचा बळी जातो. तिसरी ध्रुवांची. त्या काळच्या अनेक ब्रिटिश गाड्यांत बॅटरीचे धन टोक चासिसला जोडलेले असे आणि बॅटरी उलटी लागली तर डायनामो पुन्हा ‘फ्लॅश’ करून चालवता येई. अल्टरनेटरला उलटी बॅटरी लावली की डायोड तत्क्षणी जातात. चौथी चार्जिंगच्या दिव्याची. अनेक अल्टरनेटरांत डॅशबोर्डवरच्या त्या छोट्या दिव्यातूनच सुरुवातीचा प्रवाह क्षेत्राला मिळतो. दिवा उडाला असेल तर चांगला अल्टरनेटरही चार्जिंग देत नाही आणि दिव्याकडे न बघता अल्टरनेटर खोलला जातो. चारही चुकांचे मूळ एकच आहे. यंत्र कशाच्या बळावर चालते हे न कळता जुनी कृती तशीच पुढे चालवली गेली.

याउलट कोणत्या रीती टिकल्या? ज्यांच्यामागे मोजमाप आणि त्याचे कारण होते त्या. चार्जिंगची चाचणी आजही बॅटरीपासून सुरू होते, कारण मेलेल्या बॅटरीवर चांगला अल्टरनेटरही वाईट दिसतो. गाडी काही तास उभी असताना टर्मिनलवर 12.6 व्होल्ट मिळाले तर बॅटरी भरलेली, 12.2 च्या आसपास मिळाले तर अर्धी, 12 च्या खाली गेली तर जवळजवळ रिकामी. हे आकडे आभाळातून पडलेले नाहीत. शिसे-आम्लाच्या भरलेल्या एका सेलचे व्होल्टेज 2.1 असते आणि सेल सहा. झाकणे उघडत असतील तर हायड्रोमीटर प्रत्येक सेलचे वेगळे उत्तर देतो, आणि पाच सेल सारखे व एक खूप खाली असेल तर चार्जिंगला दोष न देता बॅटरी बदलायची. बडोद्यासारख्या शहरात इथे आणखी एक कारण जोडावे लागते. उन्हाळ्यात पारा चाळीशीच्या पुढे जातो तिथे बॅटरीतले पाणी लवकर उडते, रासायनिक झीज वाढते आणि म्हणून उष्ण प्रदेशासाठी आम्लाची घनता मुळातच कमी ठेवतात. थंड देशातल्या पुस्तकातला 1.280 चा आकडा इथे तसाच लावला तर चांगली बॅटरी अर्धवट भरलेली ठरेल. मग पट्टा: अंगठ्याने दाबला की साधारण सेंटीमीटरभर दबावा, सैल पट्टा भार येताच घसरतो. मग इंजिन चालू करून बॅटरीवर 13.8 ते 14.5 व्होल्ट, आधी भार नसताना, नंतर हेडलाइट आणि ब्लोअर लावून. आकडा भाराखाली कोसळला तर अल्टरनेटर किंवा पट्टा. 15 च्या वर गेला तर रेग्युलेटर, आणि बॅटरी उकळून सुकण्याआधी त्याचा बंदोबस्त करायचा.

या साखळीतली मला सर्वांत शिकवणारी चाचणी व्होल्टेज पडण्याची वाटते, कारण ती कारण कळल्याशिवाय करताच येत नाही. मीटरची एक काडी अल्टरनेटरच्या मोठ्या टर्मिनलवर आणि दुसरी थेट बॅटरीच्या धन खांबावर ठेवायची. इंजिन चालू, दिवे चालू. वाटेतली वायर आणि जोड निर्दोष असतील तर मीटर जवळजवळ शून्य, फार तर 0.2 व्होल्ट दाखवतो. अर्धा व्होल्ट किंवा जास्त दिसला तर वाटेत कुठेतरी गंज, सैल नट किंवा अर्धी तुटलेली वायर आहे. तीच मोजणी अल्टरनेटरची बॉडी आणि बॅटरीचा ऋण खांब यांच्यामध्ये केली की अर्थिंगचा दोष समजतो. जळजळीत हिरवा क्षार जमलेले टर्मिनल किंवा रंगाच्या थरावर आवळलेली अर्थिंगची पट्टी हा मोफत दुरुस्त होणारा दोष आहे. पण मोजल्याशिवाय तो दिसत नाही आणि न दिसल्याने हजारो रुपयांचा अल्टरनेटर बदलला जातो. शेवटी मीटर उलटसुलट प्रवाहावर फिरवून बॅटरीवर पाहायचे. तिथे अर्ध्या व्होल्टहून जास्त लहरी दिसल्या तर सहापैकी एखादा डायोड गेलेला आहे, मग बाकी आकडे कितीही चांगले असोत. डायनामोच्या काळातल्या डी-एफ चाचणीत जी विचारपद्धती होती, नेमकी तीच इथे आहे: व्यवस्थेचे तुकडे करायचे, प्रत्येक तुकडा मोजायचा, मोजमापाला कारण जोडायचे. आकडे बदलले, पद्धत तशीच राहिली. कारणासकट शिकलेली रीत टिकते, या विधानाचा माझ्याकडे असलेला सर्वांत भक्कम पुरावा हाच आहे.

दुसरा आक्षेप कलाभवनाबद्दल. कोणी म्हणेल, कलाभवनाचा आणि मोटारीच्या डायनामोचा संबंध ओढूनताणून जोडला आहे. तिथे रंगाई आणि विणकाम शिकवले जाई, आणि गज्जर स्वतः काही वर्षांतच बडोदा सोडून मुंबईला गेले. हे खरे आहे. कलाभवनातून मोटारीचे मिस्त्री निघाले असा माझा दावा नाही. माझा दावा उलटा आहे: कलाभवनाची कल्पना जिथे मुरली तिथे चाचणीची संस्कृती रुजली आणि जिथे ती पोचली नाही तिथे ही संस्कृती खुंटली. गज्जर यांच्या प्रेरणेने कोटीभास्कर आणि अमीन यांनी 1907 मध्ये अलेंबिक ही रसायनांची कंपनी उभी केली. त्याच अमीन घराण्यातल्या नानूभाईंनी 1943 मध्ये ज्योती कंपनी काढली आणि बडोद्यात पंप, विद्युत मोटर, जनित्रे बनू लागली. संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले त्याच्या आदल्या दिवशी, 30 एप्रिल 1949 रोजी महाराजा सयाजीराव विद्यापीठ अस्तित्वात आले आणि कलाभवन त्याची अभियांत्रिकी विद्याशाखा झाले. राज्याच्या वीज मंडळाचे मुख्यालय याच शहरात आले, आणि 1974 मध्ये मकरपुऱ्यात एर्डा ही संशोधन संस्था उभी राहिली, जिथे देशभरातली विद्युत उपकरणे प्रमाणित होण्यासाठी येतात. विजेचे उपकरण मोजून, भार देऊन, तापवून पारखल्याशिवाय त्यावर शिक्का मारायचा नाही, ही शिस्त बडोद्याने देशाला दिली आहे. पण या वाटचालीत एक गोष्ट सुटली. कलाभवन विद्यापीठाचा भाग झाले तसे ते पदवीधर अभियंत्यांचे झाले, शिक्षण इंग्रजीत गेले, आणि कारागिराच्या मुलाला त्याच्या भाषेत शास्त्र देण्याचा मूळ हेतू मागे पडला. ती जबाबदारी औद्योगिक प्रशिक्षण संस्थांवर आली. त्यांनी हजारो हात घडवले, हे त्यांचे मोठे काम आहे. पण दोन वर्षांच्या अभ्यासक्रमात कृतीला जागा मिळाली तेवढी कारणाला मिळाली नाही. ज्या शहरात ट्रान्सफॉर्मरच्या चाचणीत दशांशाच्या तिसऱ्या स्थळाचा हिशेब होतो, त्याच शहरातल्या रस्त्यावर गाडीचे चार्जिंग अंदाजाने तपासले जावे, ही विसंगती या फाटाफुटीतून आली आहे.

तिसरा आक्षेप आजचा आहे. आता गाडीला स्कॅनर जोडला की दोषाचा क्रमांक पडद्यावर येतो, मग व्होल्टमीटर, पट्टा आणि डायोडचे शास्त्र कशाला? पण स्कॅनर जे वाचतो ते गाडीच्या संगणकाला जेवढे कळले तेवढेच. ‘चार्जिंग व्होल्टेज कमी’ एवढे तो सांगतो. ते अल्टरनेटरमुळे, पट्ट्यामुळे की गंजलेल्या अर्थिंगमुळे, हे शोधायला पुन्हा मीटरच्या दोन काड्या आणि विचार लागतो. शिवाय एप्रिल 2020 पासून बीएस-6 मानके लागू झाल्यावर संगणकाच्या आज्ञेत चालणारे अल्टरनेटर झपाट्याने वाढले आहेत. बॅटरी भरलेली असेल आणि गाडी वेग घेत असेल तर संगणक इंधन वाचवण्यासाठी चार्जिंग मुद्दाम 13 व्होल्टच्या खाली आणतो. ब्रेक दाबला की ते 15 च्या जवळ नेतो. ‘14 च्या खाली म्हणजे अल्टरनेटर गेला’ हा पाठ केलेला नियम इथे थेट चुकतो आणि चांगला अल्टरनेटर भंगारात जातो. टर्मिनल उचलण्याच्या चाचणीचीच ही नवी आवृत्ती आहे. उपकरण जितके हुशार, तितकी त्याच्या आकड्यामागचे कारण जाणण्याची गरज वाढते.

चौथा आक्षेप भाषेचा. कंपन्यांची माहितीपत्रके इंग्रजीत, सुट्या भागांवरची नावे इंग्रजीत. मग मराठी-गुजरातीत शास्त्र शिकवण्याचा हट्ट भावनिक नाही का? बडोद्याचा अनुभव सांगतो की हा हट्ट व्यवहाराचा आहे. डायोड, अल्टरनेटर, रेग्युलेटर ही नावे दुकानात रोज वापरली जातात आणि ती तशीच राहावीत. कोणी त्यांना संस्कृत पेहराव चढवू नये. भाषा लागते ती नावांसाठी नव्हे, ‘का’ समजण्यासाठी. फील्डचा प्रवाह वाढला की व्होल्टेज का वाढते, जोडावर व्होल्ट का पडतो, लहर का येते, हे माणसाला त्याच्या विचाराच्या भाषेत सांगितले की ते मुरते आणि परक्या भाषेत ऐकले की पाठ होते. सयाजीरावांच्या राज्यात आधी सक्तीचे शिक्षण, मग ग्रंथालये, आणि त्यांच्या बरोबरीने तांत्रिक पुस्तके असा क्रम आखला गेला, कारण वाचता येणाऱ्या कारागिराला वाचण्याजोगे काही हवे हे त्यांना दिसत होते. आज साक्षरता त्या काळाच्या कितीतरी पुढे आहे. मागे पडले आहे ते पुस्तक.

हा प्रश्न जुन्या गाड्यांबरोबर संपणारा नाही, हे बडोद्यापासून तासाभराच्या अंतरावर हालोलला गेले की दिसते. 1996 मध्ये जनरल मोटर्सने तिथे गाड्या बनवायला सुरुवात केली, 2017 मध्ये तो कारखाना बंद झाला, एमजी मोटरने तो घेतला आणि 2020 च्या जानेवारीत तिथून विजेवर चालणारी झेडएस बाजारात आली. विजेच्या गाडीत अल्टरनेटर नसतो, पण चार्जिंग व्यवस्था संपत नाही. दिवे, कुलपे, संगणक आणि खुद्द मोठ्या बॅटरीला जोडणारे स्विच यांच्यासाठी बहुतेक विजेच्या गाड्यांत 12 व्होल्टची छोटी बॅटरी असतेच, आणि ती मोठ्या बॅटरीतून एका कन्व्हर्टरमार्फत भरली जाते. ती छोटी बॅटरी बसली की शेकडो किलोमीटरची वीज पोटात असूनही गाडी जागची हलत नाही. तिची चाचणी पुन्हा तीच: उभ्या गाडीत व्होल्ट, चालू गाडीत व्होल्ट, भाराखाली व्होल्ट, वाटेत पडणारा व्होल्ट. फक्त आता चुकीच्या ठिकाणी काडी टेकवण्याची किंमत डायोडची नाही, माणसाच्या जिवाची आहे, कारण शेजारच्या नारिंगी आवरणातल्या केबलमध्ये शेकडो व्होल्ट खेळत असतात. तिथे कारण न कळता पाठ केलेली कृती कोणालाही परवडणार नाही.

म्हणून कलाभवनाचा वारसा म्हणजे केवळ एका सुंदर संस्थेची आठवण नव्हे. तो अर्धवट राहिलेला कार्यक्रम आहे. तो पुरा करायला नवे कलाभवन बांधावे लागत नाही. चार्जिंग व्यवस्थेची प्रत्येक चाचणी, तिचा अपेक्षित आकडा, तो आकडा तसाच का येतो याचे कारण आणि यंत्र बदलले तर त्यात काय बदलेल, एवढे मराठीत आणि गुजरातीत सांगणारे शंभर पानांचे पुस्तक हवे. ते प्रशिक्षण संस्थांत शिकवले जावे आणि दुकानाच्या बाकावर तेलकट हातांनी उघडले जावे. विद्यापीठात हे लिहू शकणारे अभियंते आहेत, एर्डासारख्या संस्थांत चाचणीची शिस्त जाणणारे लोक आहेत, आणि दुकानांत अशा गोष्टी अनुभवाने शिकलेले उस्ताद आहेत. 1890 मध्ये बडोद्याने या तिघांना एका छपराखाली आणण्याचे धाडस केले होते. त्या वेळी संस्थानाकडे पुस्तके नव्हती, परिभाषा नव्हती, वाचणारे कारागीरही थोडेच होते. आज यांपैकी उणीव आहे ती फक्त पुस्तकाची आणि ते लिहिण्याइतके ज्ञान या एकाच शहरात आहे.